जिल्हा परिषदेचे प्राथमिक आरोग्य केंद्र नेमके कोणते काम करते आणि त्याची सेवा आपल्या घरापर्यंत कशी पोहोचते?

प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी नोकरीनिमित्त ठाण्यात राहते आणि माझे माहेर कोकणातील एका डोंगराळ तालुक्यात आहे. गाव सात वाड्यांमध्ये विखुरलेले असून उपकेंद्र आमच्या वाडीपासून तीन किलोमीटरवर, तर प्राथमिक आरोग्य केंद्र अकरा किलोमीटरवर आहे. घरी बासष्ट वर्षांची आई आहे, तिला मधुमेह आणि उच्च रक्तदाब असे दोन्ही आजार आहेत. धाकटा भाऊ आणि भावजय तिच्यासोबत राहतात. भावजयीला पाचवा महिना चालू आहे आणि हे तिचे पहिलेच बाळंतपण आहे.

आजवर आईची औषधे तालुक्याच्या गावातील खाजगी दवाखान्यातून येत होती आणि दरमहा होणारा खर्च आता भावाला झेपेनासा झाला आहे. मे महिन्यात मी गावी गेले असता दोन वेळा आईला घेऊन उपकेंद्रावर गेले. दोन्ही वेळा दाराला कुलूप होते आणि आत कोण असते, केव्हा असते, हे सांगणारा कोणताही फलक तेथे नव्हता. गावातील लोक म्हणतात की उपकेंद्र फक्त बाळांच्या लसींसाठी असते, मोठ्या माणसांनी तेथे जाऊन उपयोग नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात विचारले, तेव्हा उपकेंद्र जिल्हा परिषदेचे असल्याने त्याबद्दल आम्ही काही सांगू शकत नाही, असे उत्तर मिळाले.

माझे प्रश्न असे आहेत. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय यांपैकी कोण कोणाच्या अखत्यारीत येते? आईच्या नेहमीच्या औषधांसाठी आणि भावजयीच्या तपासण्यांसाठी आम्ही कोठे जावे? आणि कुलूप दिसले, तर विचारणा कोणाकडे करावी? ज्यांनी या व्यवस्थेत प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांनी सविस्तर सांगितल्यास मी ऋणी राहीन.

प्रतिसाद १ : निवृत्त आरोग्य सहायिका

ताई, नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात आधी आरोग्य सेविका आणि नंतर आरोग्य सहायिका म्हणून काम केले, आणि शेवटच्या काळात माझ्या देखरेखीखाली सहा उपकेंद्रे होती. आपला प्रश्न मला अनेकांनी अनेक प्रकारे विचारला आहे, म्हणून थोडे मुळापासून लिहिते.

महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्याचे काम त्यांच्याकडे आले. पुढे १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जी अकरावी अनुसूची जोडली, तिच्यात पंचायतींकडे सोपवायच्या विषयांमध्ये आरोग्य, स्वच्छता आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे आपल्या गावातील उपकेंद्र आणि त्यावरील प्राथमिक आरोग्य केंद्र ही दोन्ही जिल्हा परिषदेची आहेत. तालुक्याला तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्ह्याला जिल्हा आरोग्य अधिकारी त्यांचे प्रमुख असतात. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय मात्र राज्य शासनाची असून ती जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतात. ग्रामीण रुग्णालयात आपल्याला मिळालेले उत्तर कागदोपत्री बरोबर होते, तरी त्यांनी आपल्याला तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयाची वाट दाखवायला हवी होती, असे मला वाटते. रुग्णाला दोन विभागांमधली सीमारेषा ठाऊक असण्याचे काहीच कारण नाही.

सपाट भागात साधारण ५,००० लोकसंख्येमागे आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, तसेच अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. याचा अर्थ असा की केंद्राकडे केवळ एक इमारत आणि सहा खाटा सोपवलेल्या नसतात, तर ठरावीक गावे आणि त्या गावांतील प्रत्येक घर सोपवलेले असते. दवाखाना रुग्णाची वाट पाहतो. आमच्या कामाची सुरुवात मात्र यादीपासून होते. कुटुंब सर्वेक्षण, पात्र जोडप्यांची नोंदवही, गरोदर मातांची नोंदवही, बालकांच्या लसीकरणाची यादी, तीस वर्षांवरील सर्वांची यादी, क्षयरोगाचे उपचार घेणाऱ्यांची यादी, ही सर्व कागदपत्रे हेच त्या उपकेंद्राचे खरे काम असते, आणि ज्याचे नाव यादीत आहे, त्याच्या घरी कोणी ना कोणी जाणे अपेक्षित असते. आपल्या घरी अडचण आली आहे ती बहुधा येथेच. आईचे नाव कोणत्याही यादीवर चढलेले नसावे, कारण तिचे उपचार सुरुवातीपासून खाजगी दवाखान्यात झाले.

आता कुलपाविषयी. आरोग्य सेविकेचा बराचसा आठवडा फिरतीत जातो. एखाद्या दिवशी ती दुसऱ्या वाडीच्या अंगणवाडीत लसीकरण सत्र घेत असते, एखाद्या दिवशी गृहभेटी करत असते, तर एखाद्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात मासिक सभेला गेलेली असते. आरोग्य सेवक तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने घेत आणि डासांच्या अळ्या शोधत घरोघर हिंडत असतो. त्यामुळे कुलूप म्हणजे कामचुकारपणाच, असे मी म्हणणार नाही. परंतु प्रत्येक कर्मचाऱ्याचा आगाऊ फिरती कार्यक्रम महिन्याच्या आरंभी ठरलेला असतो, आणि तो उपकेंद्राच्या दर्शनी भागात लावला नसेल, तर ती निश्चितच चूक आहे. तीन किलोमीटर दूर राहणाऱ्या माणसाचा दिवसाचा रोजगार अशा एका फेरीत बुडतो, याची जाणीव आमच्यापैकी प्रत्येकाने ठेवायला हवी होती आणि ती नेहमी ठेवली गेली नाही, हे मी मान्य करते.

उपकेंद्र फक्त लसींसाठी असते, हा समज पूर्वीच्या अनुभवातून आला आहे आणि त्यात तथ्यही होते. २०१८ पासून मात्र उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर सुरू झाले, ज्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव दिले आहे, आणि तेथे समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. आपल्या राज्यात या पदावर बहुतांशी आयुर्वेद पदवीधर डॉक्टर असून त्यांनी सहा महिन्यांचे वेगळे प्रशिक्षण घेतलेले असते. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासणे, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी करणे, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांनी एकदा ठरवून दिलेली मधुमेहाची व रक्तदाबाची औषधे दरमहा देणे, हे आता त्यांचे काम आहे. आईंना एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे न्यावे, जुनी कागदपत्रे सोबत ठेवावीत, आणि त्यानंतरची औषधे आमच्या उपकेंद्रातून मिळावीत, असे स्पष्टपणे सांगून नोंद करून घ्यावी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांमध्ये तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, त्यामुळे केसपेपरसाठीसुद्धा पैसे द्यावे लागत नाहीत.

भावजयीची नोंद बाराव्या आठवड्यापूर्वी व्हायला हवी होती. झाली नसल्यास उद्याच करावी. आपल्या वाडीची आशा स्वयंसेविका कोण आहे, हे अंगणवाडीत विचारल्यास लगेच कळेल. नोंदणीनंतर माता व बाल संरक्षण कार्ड मिळते आणि किमान चार तपासण्या, धनुर्वाताची लस, रक्तवाढीच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या या सेवा त्या कार्डावर नोंदल्या जातात. बाळंतपण सरकारी संस्थेत झाल्यास जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली औषधे, तपासण्या, आहार, तसेच घरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून परत घरी नेणारे वाहन हे सारे विनामूल्य असते. त्यासाठी १०२ क्रमांकाची रुग्णवाहिका असते, आणि जीवावर बेतलेल्या प्रसंगी १०८ क्रमांकाची.

एक गोष्ट विसरू नये. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. भावजय सातव्या महिन्यानंतर माहेरी जाणार असेल, तर तिचे कार्ड सोबत द्यावे, इकडच्या आशाताईंना जाण्याची तारीख सांगावी आणि तिकडच्या आशाताईंकडे पोहोचल्याच्या आठवड्यातच नोंद करावी. सासरची यादी म्हणते की बाई गावात नाही, माहेरची यादी म्हणते की ही आमची नाही, आणि नेमक्या शेवटच्या दोन महिन्यांत, जेव्हा रक्तदाब वाढण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, तेव्हा तिची तपासणी कोणीच करत नाही. माझ्या नोकरीच्या काळात मला ज्या गोष्टीची सर्वांत अधिक खंत वाटली, ती हीच आहे.

प्रतिसाद २ : प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेला वैद्यकीय अधिकारी

सहायिका ताईंनी लिहिलेले सर्व काही योग्य आहे. मी फक्त प्राथमिक आरोग्य केंद्रात कशाची अपेक्षा ठेवावी आणि कशाची ठेवू नये, एवढ्यापुरती भर घालतो, कारण चुकीच्या ठिकाणी वेळ गेल्याने नुकसान झालेले रुग्ण मी पाहिले आहेत.

साधी बाळंतपणे, ताप, अतिसार, क्षयरोगाची थुंकी तपासणी, कुत्रा चावल्यानंतरची लस आणि सर्पदंशावरील प्रतिविषाची पहिली मात्रा ही प्राथमिक आरोग्य केंद्राची कामे आहेत. कोकणात विंचूदंश आणि सर्पदंश यांचे प्रमाण पाहता हे शेवटचे काम लहान नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत असतानाच लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण बारकाईने अभ्यासले, आणि त्यातून पुढे प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ होऊन असंख्य जीव वाचले. प्राथमिक केंद्रात केवळ सर्दी-खोकल्याच्या गोळ्या मिळतात, असे जे लोक म्हणतात, त्यांना मी नेहमी हे उदाहरण सांगतो.

तेथे सिझेरियन शस्त्रक्रिया होत नाही, भूलतज्ज्ञ नसतो आणि रक्त साठवलेले नसते. त्यामुळे आपल्या भावजयीचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आला, चेहऱ्यावर अचानक सूज आली, तीव्र डोकेदुखी किंवा नजरेपुढे अंधारी आली, अंगावरून रक्त गेले किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर आशाताई घरी येण्याची वाट पाहू नये. झटके आल्यास किंवा रक्तस्राव अधिक असल्यास १०८ ला दूरध्वनी करून थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे, आणि मधल्या अंतरावर आमचे केंद्र लागत असेल, तर तेथे थांबून पहिले इंजेक्शन घ्यावे. एरवी मात्र केंद्रातून संदर्भ चिठ्ठी घेऊनच वर जावे. त्या चिठ्ठीवर आधीच्या तपासण्या आणि दिलेली औषधे लिहिलेली असतात, त्यामुळे पुढच्या डॉक्टरांना पहिल्यापासून विचारत बसावे लागत नाही. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर ती रक्ताल्पता, आणि ७ च्या खाली असेल तर तो तीव्र धोका समजावा. गोळ्यांनी फरक पडत नसल्यास शिरेतून लोह देण्याविषयी स्वतःहून विचारावे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर मातांची डॉक्टरांकडून तपासणी होते. ती तारीख आपल्या भावाने घरातील दिनदर्शिकेवर आताच खूण करून ठेवावी.

आईंच्या बाबतीत एक सावधगिरी. खाजगी दवाखान्यातील गोळी आणि आमच्या औषध भांडारातील गोळी यांची नावे वेगळी दिसतात, घटक मात्र बहुधा तेच असतात. दोन्हीकडच्या गोळ्या एकाच वेळी घेतल्याने साखर धोकादायक रीतीने उतरलेले वृद्ध रुग्ण माझ्याकडे आलेले आहेत. जुन्या गोळ्यांची सर्व पाकिटे पिशवीत घालून आणावीत आणि कोणती बंद करायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. एखादी गोळी भांडारात शिल्लक नसेल, तर तसे स्पष्ट विचारावे आणि ती केव्हा येणार याची तारीख मागावी. साठा संपण्याचे प्रसंग येतात, हे मी नाकारणार नाही. पावसाळ्याच्या आरंभी रस्ते बंद होतात, त्याआधी दोन महिन्यांची औषधे द्यावीत, अशी विनंती केल्यास बहुतेक वैद्यकीय अधिकारी ती मान्य करतात.

प्रतिसाद ३ : ग्राम आरोग्य समितीचा माजी सदस्य

विचारणा कोणाकडे करावी, या प्रश्नाचे उत्तर अजून पुरेसे आलेले नाही, म्हणून लिहितो. मी ग्रामपंचायत सदस्य असताना पाच वर्षे आमच्या गावच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत होतो.

पुष्कळ लोक थेट १०४ या क्रमांकावर तक्रार नोंदवतात किंवा समाजमाध्यमांवर कुलपाचे छायाचित्र टाकतात. माझ्या मते ती पहिली पायरी असू नये, कारण त्यातून एका आरोग्य सेविकेकडे स्पष्टीकरण मागितले जाते आणि पुढच्या महिन्यात परिस्थिती पुन्हा तशीच होते. अनेकदा कुलपाचे कारण रिक्त पद हेच असते. एकाच सेविकेकडे दोन उपकेंद्रांचा कार्यभार असेल, तर ती एका वेळी एकाच ठिकाणी असणार. म्हणून आधी ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. आपल्या उपकेंद्रात मंजूर पदे किती आणि भरलेली किती, चालू महिन्याचा फिरती कार्यक्रम कोणता, आणि समितीच्या खात्यावर आलेल्या निधीतून काय खर्च झाला. या समितीला गावाच्या आरोग्यासाठी वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळण्याची तरतूद आहे. रक्कम मोठी नाही, परंतु दारावर लोखंडी फलक लावायला, रक्तदाबाचे बिघडलेले यंत्र दुरुस्त करायला किंवा रात्री अडलेल्या बाईच्या वाहनाला ती पुरते. आमच्या गावात फलक याच पैशातून झाला, आणि तो झाल्यानंतर आरोग्य सेविकेशी होणारे वाद जवळजवळ थांबले, कारण ती कोठे आहे हे प्रत्येकाला कळू लागले.

ग्रामसभेच्या ठरावाची प्रत सरपंचांच्या सहीने तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी आणि पोच घ्यावी. त्यावर काही न झाल्यास जिल्हा परिषदेची आरोग्य समिती आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे जावे. महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेखीचा उपक्रम राबवला गेला. त्याची सुरुवात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत झाली होती. गावकऱ्यांनी उपकेंद्राच्या सेवांचे प्रगतिपत्रक स्वतः भरायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी सर्वांसमोर उत्तर द्यायचे, अशी त्याची पद्धत होती. मी अशा एका जनसुनवाईला पाहुणा म्हणून बसलो होतो आणि एका वृद्ध बाईंनी, हातात औषधाची रिकामी पट्टी धरून, ही गोळी बाहेरून का आणावी लागली, एवढेच विचारल्यावर पूर्ण सभागृह शांत झाले होते. आपल्या तालुक्यात असा उपक्रम असो वा नसो, तो प्रश्न विचारण्याचा अधिकार ग्रामसभेला आहेच.

आणखी एक काम लोकांच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे पिण्याचे पाणी. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकणे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे काम आहे, पण पाण्याचे नमुने घेणे, स्रोताचे स्वच्छता सर्वेक्षण करणे आणि त्यावरून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देणे, यात आरोग्य सेवकाचा मोठा वाटा असतो. आपल्या गावाला कोणते कार्ड मिळाले आहे, हे भावाने अवश्य विचारावे. सात वाड्यांच्या गावात पाण्याचे सात स्रोत असतात आणि त्यांपैकी एखादा नेहमी राहून जातो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा तिघांचे मनापासून आभार. भावाने काल आशाताईंची भेट घेतली. भावजयीची नोंद झाली आणि हिमोग्लोबिन ९.२ आले. सहायिका ताई, आपला अंदाज जवळपास खरा ठरला, आईचे नाव तीस वर्षांवरील यादीत होते, पण त्यापुढे ‘खाजगी उपचार’ असे लिहून पुढचे रकाने रिकामे सोडले होते. बुधवारी भाऊ तिला सर्व पाकिटांसह प्राथमिक आरोग्य केंद्रात नेणार आहे. ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे, तेथे फलकाचा विषय तो मांडेल.

एक शंका उरली आहे. पावसाळ्यात आई दोन-तीन महिने माझ्याकडे ठाण्याला येते. त्या काळात तिच्या औषधांचे काय?

प्रतिसाद १ : निवृत्त आरोग्य सहायिका, पुन्हा

नोंद झाली हे वाचून फार समाधान वाटले. ९.२ या आकड्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. गोळ्या नियमित घेऊन चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी आणि गोळी चहासोबत घेऊ नये, असे भावजयीला सांगावे.

शहरात ही जबाबदारी जिल्हा परिषदेची नसून महानगरपालिकेची असते, त्यामुळे गावची नोंदवही ठाण्यात आपोआप पोहोचेल, असे समजू नये. आई निघण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रातून औषधांची नावे, मात्रा आणि शेवटच्या तपासणीचे आकडे एका कागदावर लिहून घ्यावेत, आणि ठाण्याला आल्यावर पहिल्याच आठवड्यात तो कागद घेऊन आपल्या प्रभागातील महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जावे. तेथेही रक्तदाब आणि मधुमेहाची औषधे मिळतात. आई केव्हा जाणार आणि साधारण केव्हा परतणार, हे गावच्या आशाताईंना आधी सांगून ठेवावे. सांगितले नाही, तर तीन महिने औषध न नेणाऱ्यांमध्ये तिचे नाव जाईल, आणि परतल्यावर पुन्हा पहिल्या तपासणीपासून सुरुवात करावी लागेल.